एका उलटीने गेलेले दिवस

आमच्या घरी टीव्हीवरच्या मालिका म्हणजे पोथीच. मालिकेत पोरगी तोंडावर हात धरून मोरीकडे धावली की तिला दिवस गेले, यात शंकाच नाही. आई आणि काकू, दोघींनी मिळून पाच पोरं जन्माला घातली होती, तरी विश्वास मालिकेवर!

मी नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मंगळवारी पेपर होता. भाताच्या रोवण्याला हात लावायला म्हणून दोन दिवस घरी, सिहोऱ्याला आले आणि रविवारी सकाळी अंगणातच उलटी झाली.

काकूने माझ्याकडे पाहिलं, आईने काकूकडे. मागे ढॅणढॅण वाजायचं तेवढं बाकी होतं. दुसरी उलटी झाली तशी आई भिंतीला टेकून रडायलाच लागली. पोटात दुखतंय का, हे कोणी विचारलं नाही. काकूने एवढंच विचारलं, "कोन हाये थो?"

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, माणसाला उलटी काय त्याच एका कारणाने होते? चला दवाखान्यात, आत्ता तपासा. पण ऐकतो कोण. बाबा बाहेर आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नागपूर-फिगपूर बंद. घरीच राह्य आता."

दोन वर्षांची मेहनत, आणि एका वाक्यात संपली. रागाने रडूच कोसळलं मला.

तेवढ्यात बाबांचा चेहरा पांढरा पडला आणि ते परसात धावले. मागोमाग काका. मग काकूही, तोंडाला पदर लावून, अगदी मालिकेतल्यासारखी. तेव्हा कुठे आईच्या डोक्यात उजेड पडला. शनिवारचा तिचा उपास होता. बाकी आम्ही सगळ्यांनी रात्री सात्यांची, म्हणजे रानातल्या भूछत्रांची, भाजी ओरपली होती. टोपलीत एखादी भलतीच छत्री आली असणार.

मला कुठलं राहवतंय. परसाच्या दारात उभी राहून विचारलं, "बाबा, तुमाले कितवा महिना?"

आई रडता रडता हसली. सगळ्यांना गाडीत कोंबून दवाखान्यात मीच नेलं.

संध्याकाळी सलाईन संपत आलं तेव्हा बाबा म्हणाले, चुकलंच माझं. पण तेवढ्यावर सोडायचा माझा स्वभाव नाही.

"आन खरंच असतं ना बाबा, तरी मी पेपर देलाच असता."

काकूने कूस बदलली.

"सकाडच्या पयल्या गाडीनं जा," बाबा म्हणाले. "मी येतो सोडाले."