देवीच्या वाटेवरचे सात हंडे

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून हातावेगळे केले आणि चैत्रातल्या यात्रेला महाडहून पायी निघाले. पोलादपूरच्या वर डोंगरात देवी आहे. आम्ही वीसजण, पुढे अण्णा. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

पहिला दिवस सगळा हायवेचा. ट्रक अंगावर येतात, म्हणून पहाटेच निघा आणि नव्या चपला घालू नका. गावोगावी लोक कोकम सरबत, कलिंगडाच्या फोडी घेऊन उभे होते. एकांनी गरम भजी दिली, तर आमच्यातला एकजण म्हणतो, सोबत चटणी हवी होती! इतके लाडावलो होतो. पोलादपुरात मुक्काम केला, मिसळ फक्कड मिळाली.

दुसऱ्या दिवशी डांबरी रस्ता सोडून चढाला लागलो. दहाच्या सुमारास एका वाडीखाली आंब्याच्या सावलीत सात हंडे ओळीने भरलेले, वर पळसाची पानं झाकलेली. शेजारी एक म्हातारी बसलेली.

"बघा, सेवा म्हणतात ती ही!" अण्णा म्हणाले.

आम्ही तुटून पडलो. प्यालो, तोंडं धुतली. मी दोन तांबे पायांवर ओतले. म्हातारीने शेवटचा हंडा स्वतः कलता करून दिला.

तेवढ्यात तिची सून रिकामी कळशी घेऊन आली आणि जागीच थांबली. "गो आत्ये, सगलं पानी दिलंस?"

"देवीची मानसं हायत गो. नाय कसं म्हनू?"

"सात घरांचं पानी हाय ते! आता देवी येनार हाय काय झऱ्यावर बसाया?"

झरा म्हणजे आंब्यामागचा एक खड्डा. करवंटीने पाणी उपसायचं, हंडा भरायला तास लागतो. सात घरं पाळीपाळीने भरत होती आणि आम्ही त्याला पाणपोई समजलो!

अण्णा म्हणाले, "अजाणता घडलं. देवी क्षमा करील. चला, आरती चुकेल."

माझं डोकंच फिरलं. "देवीचं राहू द्या अण्णा, या घरांनी आज प्यायचं काय?"

सगळे चालू लागले. मी करवंटी घेऊन खड्ड्याशी बसले. अर्ध्या तासाने सून म्हणाली, "बाई, उठा. तुमी गाळ ढवलताव." बरोबर होतं तिचं. मी उठले आणि तशीच खाली उतरले. पोलादपूरहून एसटी धरून घरी आले. देवी पाहिलीच नाही.

परवा आमच्या यात्रा मंडळाची बैठक झाली. वाटेवरच्या गावांची सेवा अप्रतिम, पुढच्या वर्षी चाळीसजण नेऊ, असं अण्णांनी जाहीर केलं. मी हंड्यांचा विषय काढला, तर म्हणे, मंगल कार्यात अशुभ बोलू नये. संताप अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, वाट सुंदर आहे. पण पाणी पोलादपुरातच भरून घ्या. ती म्हातारी तुम्हालाही नाही म्हणणार नाही.