नोव्हेंबरचे पान

"तुमच्या यजमानांना वेड लागलेलं नाही. त्यांच्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ आहे," मिसरी, म्हणजे इजिप्तचे, डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. मी मांडीवरची पर्स सरळ केली. मला काहीच वाटले नाही.

निखिल, ईशा, आजोबांबद्दल तुम्ही काहीबाही ऐकाल, म्हणून हे लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही रियाधमध्ये होतो. आखाती युद्ध पेटले आणि जानेवारीत भोंगे वाजू लागले. विषारी वायूच्या भीतीने घरोघरी एका खोलीच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केलेल्या. आजोबा मात्र कपाटाच्या फटीही बंद करू लागले. मी केलेला चहा आधी मलाच प्यायला लावत. एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

शेजारच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "अहो, नवरे सगळ्यांचेच घाबरलेत. तुमचे लपवत नाहीत, एवढंच."

मलाही ते पटले. पहिल्या डॉक्टरांनी 'अँग्झायटी', म्हणजे धास्ती, असे निदान करून गोळ्या दिल्या. फेब्रुवारीअखेर युद्ध संपले. मी पट्ट्या काढल्या. त्यांनी पुन्हा लावल्या.

मग या मिसरी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "नेमकं कधी सुरू झालं?"

"भोंगे वाजले तेव्हापासून," मी सांगितले.

घरी येऊन मसाल्याच्या कप्प्यातला कागद बदलायला घेतला. वर्ष सरले की जुन्या कॅलेंडरची पाने मी कप्प्यांत अंथरते. डब्यांखाली नोव्हेंबर निघाला. सिलिंडर लावल्याची तारीख, इकाम्याचे, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचे, काम, आणि माझ्याच अक्षरात: 'यांनी कुलूप बदलून घेतले. शेजारी ऐकतात म्हणाले.' पुढच्या आठवड्यात: 'बँकेतून येताना रस्ता चुकले.'

तेव्हा एकही भोंगा वाजला नव्हता. लिहिले मीच होते, आणि विसरलेही मीच.

हळदीचा डाग पडलेले ते पान मी डॉक्टरांपुढे ठेवले आणि वाचून दाखवले. "मग हे युद्धाचं नाही," ते म्हणाले. रक्तात सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, कमी निघाला. एक्स-रेत काही दिसले नाही. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली. तिच्यामुळे मेंदूला सूज आली होती; या आजाराला लिम्बिक एन्सेफलायटिस म्हणतात. गाठीशी लढता लढता शरीर चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटते.

केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून दिलेली कॅन्सरची औषधे, सुरू झाली. तिसऱ्या फेरीनंतर एका सकाळी आजोबांनी चहाचा कप सरळ तोंडाला लावला.

"साखर कमी आहे," म्हणाले.

मी साखर आणायला आत गेले आणि ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

पुढच्या वर्षी ते गेले. पण शेवटपर्यंत मला ओळखत होते. तेवढ्यासाठी त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे.

घरातले माणूस एकाएकी बदलले, तर दिवसच वाईट आहेत असे म्हणून सोडून देऊ नका. तारीख लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

पान सोबत पाठवते आहे. कप्प्यात अंथरू नका.