साडूंची गोल रेघ

रेघेच्या जाडीवर ज्याचं दुपारचं जेवण अवलंबून आहे असा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. थोरल्या मेव्हणीचे यजमान. नुसते साडू असते तर गणपती-दिवाळीपुरता प्रश्न होता. पण आम्ही दोघंही पनवेलच्या एकाच सरकारी ऑफिसात, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसत होतो. ऑफिसचं काम म्हणजे आसपासच्या गावांतल्या विहिरींचं पाणी दर पंधरवड्याला फितीने मोजायचं, आकडे वहीत उतरवायचे आणि त्यांचे आलेख काढून वरच्या ऑफिसला पाठवायचे. आलेख हा साडूंचा प्रांत. म्हणजे दिवसभर ऑफिसात त्यांच्या रेघा बघायच्या आणि सणासुदीला सासुरवाडीच्या पंगतीत त्याच रेघांबद्दल ऐकायचं. माझ्या पांढऱ्या होत जाणाऱ्या केसांचाही त्यांनी एकदा आलेख काढला होता, असं माझी बायको म्हणते. तो मागून घेऊन बघण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

पूर्वी ते आलेख हाताने काढत. चौकटींचा कागद, टोकदार पेन्सिल, आणि जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यात. तेव्हा त्यांचा जाच आटोक्यात होता, कारण कागद खोडून खोडून शेवटी फाटतो. मग नव्वदच्या पुढेमागे ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ठेवून दिला, कारण त्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच सुमाराला साडूंच्या आळीतले एक बेने इस्रायल प्राध्यापक घर आवरून कायमचे इस्रायलला निघाले. जाताना त्यांनी सामान वाटून टाकलं. कुणी कपाट घेतलं, कुणी शिलाईचं मशीन. आमच्या साडूंनी एक फ्लॉपी घेतली. मेव्हणी पुढे कित्येक महिने त्या कपाटाची आठवण काढत असे. फ्लॉपीत आलेख काढायचा प्रोग्रॅम होता. काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकायची, तिच्यापुढे इंग्रजीत हुकूम टाइप करायचा: रेघ एवढी जाड, अक्ष इथून तिथपर्यंत, तारखा अशा लिही. एका स्वल्पविरामाची चूक झाली तरी यंत्र चूक झाल्याचं कळवून गप्प बसायचं, नेमकी काय ते सांगायचं नाही. "अगदी आपल्या साहेबांसारखं आहे हो," साडू म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांचं यंत्राशी जुळलं.

एकदा त्यांनी एक आलेख सोमवारी सकाळी सुरू केला, तो गुरुवारी दुपारपर्यंत पुरा झाला नाही. आकडे पहिल्या दहा मिनिटांत चढले होते. बाकीचा सगळा वेळ तो दिसतो कसा यावर गेला. खाली महिन्यांची नावं एकमेकांवर चढत होती, म्हणून ती तिरकी केली. तिरकी नावं वाचायला मान वाकडी करावी लागे, म्हणून एक महिना सोडून एक लिहिला. मग सुटलेल्या महिन्यांवर अन्याय झाल्यासारखं वाटलं, तेव्हा त्यांच्या जागी बारीक खुणा आल्या. कुठली रेघ कुठल्या विहिरीची हे सांगणारी चौकट उजव्या कोपऱ्यात नेमकी पावसाळ्यातल्या पाण्यावर बसत होती. "भरल्या विहिरीवर झाकण ठेवल्यासारखं दिसतंय," म्हणून ती डावीकडे गेली. पडद्यावर रेघा रंगीत, पण प्रिंटर काळा. मग हिरवीची झाली तुटक रेघ, लालची झाली ठिपक्यांची रेघ. प्रत्येक बदलानंतर प्रिंटर करकरायचा, कागद बाहेर यायचा, साडू तो हातभर लांब धरून बघायचे आणि मग माझ्या नाकासमोर धरून विचारायचे, "कशी वाटते?" छान म्हटलं तर "तुम्ही नीट बघितलंच नाही," आणि जरा जाड वाटते म्हटलं तर "किती जाड?" या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतं हे मला वर्षभरात कळलं, आणि मी कागद आला की डबा उघडायला लागलो. त्यांचा डबा रेघ मनासारखी आल्याशिवाय उघडत नसे. पोळ्या पापडासारख्या वाळून जात आणि मेव्हणी जाब मला विचारी.

घरीही तेच. मेव्हणीचा गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो, स्टँडवर सकाळची एसटी किती उशिरा लागते, सगळ्याच्या रेघा. आमच्या सासरेबुवांचा रक्तदाब डॉक्टर दर रविवारी बघून जात. साडूंनी त्याचा आलेख काढून त्यांना वाढदिवसाला भेट दिला. अक्ष कुठून सुरू करायचा हे त्या दिवशी त्यांनी यंत्रावर सोपवलं होतं, आणि यंत्राने कागद भरून काढायचा म्हणून पाच-सहा अंकांचा चढउतार सह्याद्रीएवढा करून दाखवला. सासरेबुवांनी तो पाहिला, चष्मा काढला आणि आडवे झाले. दोन दिवस मीठ बंद, बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी साडू अक्ष शून्यापासून धरून नवा कागद घेऊन आले, त्यात रेघ आडवी निजलेली. सासरेबुवा उठून बसले आणि त्यांनी लोणचं मागितलं. "आकडे तेच आहेत हं, नाना," साडू प्रामाणिकपणे म्हणाले. "असू देत," सासरेबुवा म्हणाले, "तुम्ही हाच कागद राहू द्या इथे."

मी या सगळ्याला विटलो होतो, हे कबूल करतो. पुढे एका उन्हाळ्यात जे झालं त्याचं एक कारण माझं विटणंही होतं. साडूंना प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत एक नवा हुकूम सापडला, रेघ गोल करायचा. प्रत्येक आकडा आजूबाजूच्या आकड्यांशी मिळवून घ्यायचा, खाचखळगे बुजवायचे आणि मऊ वळणाची रेघ काढायची. आमच्या रेघा इतकी वर्षं टोकेरी होत्या, त्या साडूंच्या डोळ्यांत खुपत असत. एका दिवसात सगळ्या विहिरी वळणदार झाल्या. "पाणी असं उड्या मारत उतरतं का हो कधी?" कागद माझ्यासमोर धरून ते म्हणाले. "कशी वाटते?" मी छान म्हणालो. कागदाकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं. मार्चअखेरची कामं अंगावर होती आणि तो त्या दिवसातला सोळावा कागद होता. गठ्ठा वरच्या ऑफिसला गेला. उन्हाळ्यात कुठल्या वस्तीला पाण्याचा टँकर द्यायचा हे तिथे त्या गठ्ठ्यावरून ठरायचं. आकड्यांचा तक्ता प्रत्येक आलेखाच्या मागे टाचलेला असे, पण पान उलटून बघायची पद्धत तिथे नव्हती. आलेख एवढे देखणे झाल्यापासून तर कुणाला गरजही वाटत नसे.

माथेरानच्या डोंगराच्या अंगाला एक कातकरी वाडी आहे. तिची विहीर खडकातली. झरा चालू आहे तोवर पाणी टिकतं, झरा बसला की पंधरा दिवसांत तळ दिसतो. त्या वर्षी मार्चच्या मध्यावर आठ फूट पाणी होतं आणि महिनाअखेरीला चिखल. साडूंच्या गोल रेघेने तो चिखल आधीच्या पाण्यात मिसळून टाकला. कागदावर विहीर हळूहळू, समजूतदारपणे उतरत जूनकडे निघाली होती. वरून शेरा आला: पावसाळ्यापर्यंत पुरेसे पाणी, टँकर नामंजूर. आम्ही तो शेरा फाइलला लावला.

एप्रिल संपत आला असताना त्या वाडीतली एक बाई ऑफिसात आली. करवंदं विकायला ती पनवेलला येत असे. हाताने आलेख काढायच्या दिवसांत साडू स्वतः वाडीवर मोजायला जात, तेव्हा फितीचं वरचं टोक काठावर तीच धरायची. कॉम्प्युटर आल्यापासून साडूंचं जाणं सुटलं होतं. आकडे मोजणीदार आणून देई. टोपली दाराशी ठेवून ती आत आली.

"साहेब, यंदा टँकर का नाय आला? आमी ओढ्यातल्या खड्ड्याचं पानी पितो. चार पोरं तापानं पडलीत."

साडूंनी फाइल काढली. खरं सांगायचं तर ती काढताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. कागद तिच्यापुढे पसरून ते रेघेवरून बोट फिरवत समजावू लागले: हा पाऊस, ही दिवाळी, ही होळी.

"आन ही खालची रेघ म्हंजे तळ काय?" तिने विचारलं.

"हो."

"मंग आमची रेघ तळाला टेकली नाय. हितं पानी हाय."

"तसं दिसतंय खरं," साडू म्हणाले, आणि त्यांचं बोट थांबलं.

ती कागदावर वाकून बघत होती. रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "मंग साहेब," ती म्हणाली, "ही विहीर कुनाची हाय?"

साडूंनी पान उलटलं. मागच्या तक्त्यात शेवटचा आकडा शून्य होता, त्यांच्याच अक्षरात. ते उठून यंत्रापाशी गेले, गोल करायचा हुकूम काढून टाकला आणि छापायला दिलं. रेघ आठ फुटांवरून सरळ खाली कोसळली. महिन्यांची नावं एकमेकांवर चढली होती, चौकट भलतीकडे बसली होती. त्यांनी त्यातलं काही हलवलं नाही आणि कागद माझ्यासमोर धरलाही नाही.

मी त्यांना शहाणपण शिकवलं. सुधारित प्रत म्हणून गुपचूप पाठवून द्या, दोन वर्षांत निवृत्ती आहे, बढती यायची आहे, लेखी कबुली कशाला? "मग दोन कागदांत फरक का म्हणून विचारणा येईल," ते म्हणाले, "आपण उत्तर पाठवू, आणि तोवर मे संपेल. पोरं तापलीत हो." त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: रेघ मी गोल केली, विहीर कोरडी आहे. तो कागद घेऊन ते त्याच दुपारी एसटीने स्वतः वरच्या ऑफिसला गेले. मी छान म्हटलं होतं, मलाही त्यात घाला, असं मी म्हणालो नाही. ते मला अजून खुपतं.

चौथ्या दिवशी वाडीवर टँकर आला. पोरं उठली. दोन आठवड्यांनी मेमो आला, बढती गेली, आणि कॉम्प्युटर साडूंकडून काढून मला देण्यात आला. "बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले. फीत घेऊन ते पुन्हा विहिरींवर जायला लागले. संध्याकाळी चपला धुळीने माखलेल्या, आकडे माझ्या टेबलावर ठेवायचे आणि घरी जायचे. रेघ कशी वाटते हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं कंटाळलो होतो, तो आता कुणी विचारत नाही म्हणून मला ऑफिसात करमेना. मी मुद्दाम वेडेवाकडे आलेख काढून त्यांच्यासमोर ठेवायचो. ते बघायचे, आकडे तेवढे ताडून घ्यायचे आणि परत द्यायचे.

निवृत्तीनंतरही त्या वाडीचं त्यांनी सोडलं नाही. गुडघे दुखायला लागल्यावर ती बाईच दर उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी त्यांच्या पडवीत येऊन पाणी किती हात आहे ते सांगायची आणि ते लिहून घ्यायचे. कागद भरला की तो माझ्याकडे यायचा, ऑफिसच्या आकड्यांशी ताडायला. तीन-चार वर्षं असं चाललं. मग एका थंडीत ते गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मी मेव्हणीकडे बसलो होतो, तेव्हा ती बाई पायरीशी आली. तिला काही कळलं नव्हतं. "साहेबांना सांगा, दोन हात हाय," ती म्हणाली. मेव्हणीने तिला काय झालं ते सांगितलं. ती टोपली उतरवून पायरीवर बसली, मेव्हणीने पाणी दिलं ते प्यायली, आणि भांडं परत देत म्हणाली, "मंग आता सांगायचं कुनाला?"

"मला सांगा," मी म्हणालो आणि खिशातून पेन काढलं.

"दोन हात," ती म्हणाली, आणि मी लिहून होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिली.