जवसाचं चिलखत

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून सगळा कापूस घरातच पडून होता. त्या गंजीशेजारीच आम्ही झोपायचो आणि अंगभर खाज सुटायची. त्यातच बाबांनी जेवताना सांगून टाकलं, "बस झालं कॉलेज. पुढच्या साली नाई." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात इतिहासाचं प्रदर्शन भरणार होतं. रोमच्या एका बादशहाला कित्येक शतकांपूर्वीच्या मॅसेडोनियन राजाचं वेड लागलं होतं. त्याच्या फौजेसारखेच लांब भाले, तीन पदरी कापडी चिलखतं त्यानं आपल्या सैनिकांना करून दिली. तसलं एक चिलखत करायचं मी अंगावर घेतलं. ते पाहून बाबा मला शिकू देतील, अशी वेडी आशा होती.

चिलखत जवसाच्या कापडाचं, असं सरांनी सांगितलं. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी. आई म्हणाली, "जवसाचं लुगडं पाह्यलं काय कोनी?" मग मीच डोकं चालवलं. जवस भिजवला, त्याच्या चिकट बुळबुळीनं मांजरपाटाचे तीन पदर चिकटवले आणि उन्हात टाकले. पापडासारखे कडक झाले. मुंग्यांनी मात्र पिच्छा सोडला नाही.

सर पोट धरून हसले. कापड जवसाच्या दाण्याचं नव्हे, काडीतल्या धाग्याचं असतं म्हणे. तरी त्यांनी ते प्रदर्शनात मधोमध टांगलं.

बाबा ते पाहायला आमच्या बाभुळगावहून एसटीनं आले. चिलखतावर बोटानं टकटक केलं, माझ्याकडून त्या बादशहाची सगळी हकिकत ऐकली आणि विचारलं, "मंग जिकला काय तो?"

"नाई. मोहिमेवरच त्याच्याच मानसानं मारलं त्याले."

"जुनं सामान घालून कोनी जिकते काय?" ते हसले.

माझं टाळकंच सरकलं. "मंग तुमी दरसाल कापूसच काहून पेरता?"

मी हे सरांच्या देखत बोलले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. बाबा चिलखताकडे पाठ करून बाहेर पडले.

परतीच्या एसटीत मी खिडकीचा गज धरून बसले होते. शिक्षण संपलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. गाव जवळ आल्यावर शेजारी बसलेले बाबा समोर पाहतच म्हणाले, "मले दुसरं काई येत नाई, बाई. तुले आलं पायजे. जाय तू कॉलेजात."

जूनमध्ये त्यांनी कॉलेजात माझं नाव घातलं आणि त्याच आठवड्यात पुन्हा कापूसच पेरला. मी रडले ते त्या पेरणीसाठी.