उलट्या मुकुटाचा पास

जंगलच्या पासावर शिक्का मारताना माझा एक डोळा चहाच्या बशीवर होता, आणि शिक्क्यातला राजाचा मुकुट उलटा उठला. बारा वर्षं कर्जतच्या कचेरीत मी मुख्यत्वे हेच काम केलं, म्हणजे बघा. पास होता कोंडाण्याकडच्या वाडीतल्या एका ठाकराचा. लेकीच्या मांडवाला पाच वासे: चार उभे, एक वर आडवा. लग्न दोन दिवसांवर आलेलं.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या खांद्यानं कचेरीच्या पायरीशी उभा. नाक्यावरच्या रखवालदारानं वासे उतरवून घेतले होते, पासही ठेवून घेतला होता.

"राजा डोक्यावर उभा हाय म्हणं. लाकडं नाय सोडत."

खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच आलं. मग त्याचे धुळीनं पांढरे झालेले पाय दिसले. नवा पास द्यायचा तर साहेब दौऱ्यावर. शिक्का कचेरीबाहेर नेणं म्हणजे नोकरीवर पाणी. तरी शिक्का आणि शाईची गादी रुमालात बांधली आणि ठाकराबरोबर नाक्याकडे निघालो.

रखवालदार आमच्याकडे गणपतीला जेवून गेलेला. म्हटलं, "अरे, हा शिक्का मारणारा मीच. मी सांगतो, पास खरा आहे."

"तुमी खरं हाव, रावसाहेब. पण तुमच्यावर शिक्का नाय ना."

तेव्हा मी चोरासारखा रुमाल सोडला आणि उलट्या मुकुटाशेजारी एक सुलटा उठवला. या गुन्ह्यानं रखवालदाराचं पूर्ण समाधान झालं.

वासे मोजले तर चारच. पाचव्याचे तुकडे चौकीतल्या चुलीपुढं पडले होते.

"पाच नेयाची परवानगी हाय, चार चालतात," रखवालदार म्हणाला. त्याच चुलीवरचा चहा त्यानं माझ्यापुढं केला. सांगायची लाज वाटते, मी तो घेतला. चार वासे खांद्यावर चढवून ठाकर निघून गेला.

घरी येऊन मी पानावर बसल्या बसल्या तोंड सोडलं. लाकडी मुठीच्या शिक्क्याला किंमत आहे आणि बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला नाही, किळस येते असल्या राज्याची, वगैरे. बायकोनं भात वाढून होईतो ऐकून घेतलं.

"मग मांडवाला आडवं काय घालणार ते?"

मी विचारलंच नव्हतं.

"गोठ्यात आपला एक वासा पडलाय," ती म्हणाली. "सकाळी नेऊन द्या. आणि अहो, त्या वाशाचा पास करताना चहा आधी पिऊन घ्या."