माझ्या येळंला द्या

"माझ्या येळंला द्या," हे तिचं ठरलेलं उत्तर. नेकनूरला आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला आणि बाळाला ती न्हाऊ घालायची आणि बदल्यात काही घ्यायची नाही. लुगडं नको, नारळ नको. पाय पसरून पाटावर बसायची, बाळ पायांवर पालथं घ्यायची आणि टाळूवर तेल किती, यावरून बाळाच्या आजीशीही भांडायची. अशी एखादी तुमच्याही गल्लीत असेल. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण तिची वेळ काही आली नाही.

मग अंगावरून फार जायला लागलं. बीडला नेलं, पिशवी काढली.

घरी आणलं, तेव्हा अशा ऑपरेशननंतर बाईचं काय करायचं हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला येत होतं ते बाळंतपण. म्हणून कुणी बाजेखाली शेगडी ठेवली, कुणी कान बांधले, मी डिंकाचे लाडू नेले. टाक्यांवर हात धरून ती हसली. "समदं हाय काकू, फकस्त लेकरू न्हाई." आम्हीही हसलो. घरी येऊन मी पोटभर रडले.

समोरच्या घरच्या सुनेचे दिवस भरत आले होते. ते लेकरू आपणच न्हाऊ घालायचं, या आशेवर ती निमूट पडून राहिली. बाळ आलं, आणि त्यांनी दुसऱ्याच गल्लीतली बाई बोलावली. आधी म्हणाले, टाके ओले आहेत. टाके सुकले तरी बोलावणं नाही. एका सकाळी ती आपणहून गेली, तर आजीनं बाळ पदराखाली घेतलं. पिशवी नसलेलीचा हात तान्ह्याला नको म्हणे. त्या म्हातारीचा मला अजून राग आहे.

ती माझ्या दारात येऊन बसली. "पिशवी काढली काकू, हात तर हायेत की."

दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक आला. ओझं उचलू नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवराबायको मिळून एक कोयता, एकट्याला मुकादम नेत नाही. मी तिच्या नवऱ्याला बोलले, तो गाठोडं बांधत राहिला. ती ट्रकमध्ये चढली, तेवढ्यात समोरच्या न्हाणीतून बाळाचं रडणं आलं.

"पानी लई कढत हाय काकू. बघा जरा."

मी आत जाऊन बादलीत हात घातला. पाणी चांगलं कोमट होतं.

बाहेर आले तर ट्रक सुरू झाला होता. ती फळीवरून वाकून माझी वाट बघत होती. मी तिला पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

"कढतच होतं गं," मी ओरडून सांगितलं, "विसण घातलं."