सहाव्या मजल्यावरचा प्रश्न

बांग तेकसूला नाही म्हणता येत नसे. म्हणजे घरी म्हणता यायचं; बायकोला तर तो उठता बसता नाही म्हणायचा. पण कंपनीच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की त्याची मान फक्त वरखाली हलायची. साहेबांचं वाक्य अर्धं तोंडात असतानाच हा "हो, करतो साहेब" म्हणून मोकळा. काय करायचं ते मागाहून विचारायचा. आमच्याकडे यालाच हुशारी म्हणतात, आणि याच हुशारीवर तो फ्रिज दुरुस्त करणाऱ्या पोऱ्यापासून उपव्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत चढला.

टीम जेवायला बाहेर पडली की विभागप्रमुख म्हणायचे, "ज्याला जे हवं ते मागवा. मी आपलं जाजांगम्यॉन घेतो." झालं. सगळ्या टेबलावर त्याच काळ्या रश्शातल्या शेवया. तेकसूला त्यांनी जळजळायचं. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खिशात ठेवून त्याने ती वाडगी चाटूनपुसून साफ केली. तुला हे आवडतं का, असं कुणी त्याला विचारलं नाही, आणि त्यानेही स्वतःला कधी विचारलं नाही. असल्या चौकशा रिकामटेकड्यांनी कराव्यात. कंपनी केवढी! फ्रिज तिचे, जहाजं तिची, विमा तिचा, आम्ही राहायचो त्या इमारतीही तिच्याच. आमच्या चांगवॉन शहरात मुलगी बघायला गेलं तर लोक मुलाचा चेहरा नंतर बघायचे, आधी त्याच्या कोटावरचा कंपनीचा बिल्ला.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी, घरोघरी कोबीचं लोणचं, किमची, घालायच्या दिवसांत सहाव्या मजल्यावर बोलावणी सुरू झाली. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कर्मचारी विभागाचा एक गोड माणूस. तो चहा पुढे करून विचारायचा, "नोकरी आवडते का तुम्हाला?" एवढंच. पण खाली आलेल्या माणसाचं टेबल दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून लावलेलं असे. ना फोन, ना काम. दिवसभर भिंत बघायची, आणि कंटाळून आपल्या हाताने राजीनामा लिहायचा. काढलं असं कुणी म्हणायला नको.

मग खाली सिगरेट ओढायच्या कोपऱ्यात एकच चर्चा. बरोबर उत्तर कोणतं?

"'आवडते' म्हणालास तर म्हणतात, वा, मग गोदामातही आवडेल," चू सांगहो म्हणाला. "'नाही' म्हणालास तर म्हणतात, मग अडवलंय कुणी? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

सांगहो आणि तेकसू एकाच दिवशी कंपनीत लागलेले. नव्या भरतीला बर्फातून डोंगर चढवतात, तेव्हा पाय मुरगळलेल्या तेकसूला सांगहोने पाठीवर घेऊन उतरवलं होतं. मुलांच्या वाढदिवसाला, बापांच्या मयताला दोघं एकत्र. कंपनीत तेकसूला अरेतुरे करणारा तो एकटाच.

"तू काय सांगणार?" तेकसूने विचारलं.

"मी? मी म्हणेन, चहा फार छान आहे साहेब." सगळे हसले. तेकसूला काही हसू आलं नाही.

आणि गुरुवारी त्याला निरोप आला. उद्या सकाळी, सहावा मजला.

घरी बायको, उन्सुक, कोबीला मीठ चोळत बसली होती. तिने मान वर करून एकदा पाहिलं. "अहो, मीठ मी कोबीला लावतेय. तुम्ही का असे सुकलात?"

"काही नाही."

"मग हात धुवा आणि मुळे किसा."

त्याने मुळे किसले. मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, आणि आता पन्नाशीच्या माणसाला बाहेर कोण विचारतं? तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकायचं आणि दोन वर्षांत बुडवायचं, दुसरं काय. मुळा किसता किसता त्याला एकाएकी तोंग्यॉंगचं बंदर आठवलं. नोकरीच्या सुरुवातीला तो तिथे फ्रिज दुरुस्त करायचा. मासळीबाजारातल्या मावशी त्याला शिंपल्यातली कालवं सोलून तोंडात भरवायच्या आणि म्हणायच्या, "खा रे, तू आला नसतास तर सगळा माल नासला असता." तेव्हा काम आवडायचं. खरंच आवडायचं. हेच सांगावं, त्याने ठरवलं. निदान खोटं तरी नाही.

सकाळी सहाव्या मजल्यावर कर्मचारी विभागाचा तो गोड माणूस, नाम नावाचा तरणाताठा अधिकारी, उठून वाकला, तसा तेकसू त्याच्याहून खाली वाकला.

"बसा बांगसाहेब. वरच्यांच्या मनात आहे की तुमच्यावर एक काम—"

"हो, करतो."

नाम हसला. "अहो, आधी ऐकून तर घ्या. सोमवारपासून या खुर्चीत तुम्ही बसायचं. आमच्यापुढे लोक तोंड उघडत नाहीत. तुम्ही त्यांच्यातलेच. फोन टेबलावर ठेवू, सगळं त्यात नोंदलं जाईल. तुम्ही फक्त विचारायचं."

तेकसूचा जीव भांड्यात पडला. आपण वाचलो, एवढंच त्याला कळलं.

"पहिलं नाव चू सांगहो," नाम म्हणाला.

"मला... मला हे जमेल असं वाटत नाही."

"आत्ताच तर हो म्हणालात." नामचा आवाज तसाच गोड. "आणि हे बघा, ही खुर्ची नको असेल तर तुम्ही बसलायत ती आहेच."

सोमवारी दार उघडलं तेव्हा सांगहोचा चेहरा पांढराफटक होता. त्याने तेकसूला पाहिलं आणि धपकन खुर्चीत बसला.

"मेल्या, तू होय! माझा इथे जीव चाललाय आणि तू बसलायस. कुणी बसवलं रे तुला?"

फोन पाण्याच्या बाटलीशेजारी उपडा पडला होता. तेकसूने त्याच्याकडे पाहिलं. बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. नुसतं ओठांवर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण शेजारच्या खोलीत नाम ऐकत होता, आणि तेकसूचे हात मांडीवरून उचलले जात नव्हते.

"नोकरी आवडते का तुला?" त्याने विचारलं.

"आता तुझ्यापुढे काय लपवायचं?" सांगहोने टाय सैल केला. "रोज सकाळी फाटकाशी मळमळतं बघ. गेल्या वर्षी बायकोला म्हटलं, सोडतो. ती म्हणाली, धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत थांबा. म्हणून थांबलोय. नाहीतर उद्याच्या उद्या निघालो असतो. तुला आवडते का रे?"

तेवढ्यात दार उघडलं आणि नाम आत आला, हातात कागद.

"चूसाहेब, तुमची इच्छा आम्ही ऐकली. स्वेच्छेने निघायचं असेल तर कंपनी आड येणार नाही."

सांगहोने कागदाकडे पाहिलं, मग फोनकडे, मग तेकसूकडे. तेकसूला वाटलं, आता हा शिव्या देईल, गचांडी धरेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुझी नोकरी राहिली ना?" सांगहोने हळूच विचारलं.

तेकसूने मान वरखाली हलवली.

"मग झालं. दोन्ही घरी एकदमच रडारड नको." त्याने पेन उचललं, सही केली आणि बाटलीचं झाकण काढून ती तेकसूपुढे सरकवली. "पाणी पी."

तो गेला. तेकसू पाणी प्यायला. धावत जाऊन त्याला जिन्यात गाठावं, त्याचे पाय धरावेत असं फार वाटत होतं, पण नाम अजून दारात उभा होता, आणि तेकसूला त्याची भीती वाटत होती.